कोरी डिस्क पारखून घ्यायची कशी: सांगली-मिरजेतल्या रेकॉर्डिंगवाल्यांसाठी

मिरजेच्या उरुसातली रात्रभराची मैफल, विश्रामबागेतलं लग्न, कोर्टात द्यायचं सीसीटीव्ही फुटेज किंवा दवाखान्यातून मिळालेला एमआरआय. यातलं काहीही डिस्कवर उतरवताना सगळं लक्ष असतं ते रेकॉर्डिंगवर. डिस्क मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात जी असेल ती. चार वर्षांनी तीच डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्ह घरघरत बसतो आणि भैरवी नेमकी वाचली जात नाही. भैरवी शेवटी असते आणि डिस्कचा शेवट म्हणजे तिची बाहेरची कडा. डिस्क खराब व्हायला बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते.

डिस्क निवडताना एक गोष्ट पक्की धरायची. खोक्यावर छापलेलं नाव विकणाऱ्याचं असतं, डिस्क बनवणारा कारखाना वेगळा असू शकतो. एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघतो. म्हणून विश्वास ठेवायचा तो डिस्कमध्ये कोरलेल्या कोडवर आणि स्वतः केलेल्या चाचणीवर.

डिस्कच्या पोटात काय असतं

एवढं माहीत असलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप पटतात.

सीडी-आर म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर चमकणारा धातूचा थर आणि सगळ्यात वर लाखेसारखं पातळ आवरण. म्हणजे डेटा लेबलच्या बाजूला, अगदी वरच्या कातडीखाली असतो. खालच्या चकचकीत बाजूचा बारीक ओरखडा पुसून निघू शकतो, पण लेबलच्या बाजूने बॉलपेनने दाबून नाव लिहिलं तर थेट डेटालाच जखम होते.

डीव्हीडी-आर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि रंगद्रव्य त्यांच्या मधे असतं. त्यामुळे वरून ती जास्त सुरक्षित. तिचा नाजूक भाग म्हणजे कडेचा डिंक. कव्हरमधली मधली कळ न दाबता डिस्क वाकवून ओढली की ताण याच जोडावर येतो.

ब्लू-रेमध्ये डेटा वाचायच्या बाजूला असतो, फक्त ०.१ मिलिमीटर आवरणाखाली. त्यावर कठीण लेप असतो, तरी खोल चरा गेला तर सुटका नाही.

सीडी आणि डीव्हीडीचं रंगद्रव्य सेंद्रिय असतं. लेझरने ते तापवून खुणा करायच्या, हेच राइट करणं. जे द्रव्य लेझरच्या उष्णतेने बदलतं ते ऊन आणि उकाड्यानेही हळूहळू बदलतं. बहुतेक ब्लू-रे आर डिस्कमध्ये मात्र धातूंचा असेंद्रिय थर असतो. त्याला एचटीएल म्हणतात. स्वस्त ब्लू-रेवर बारीक अक्षरात एलटीएच छापलेलं दिसलं तर ती सेंद्रिय रंगद्रव्याची डिस्क आहे असं समजा. जपून ठेवायच्या कामासाठी ती घेऊच नका.

आधी प्रकार ठरवा

आवाजाचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १.०४ जीबी होते. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोजमध्ये तेच ४.३८ दिसतं, मोजायची पद्धत वेगळी, जागा तीच. चार तासांची मैफल एका डीव्हीडीत बसते आणि कडेला थोडी जागा मोकळी राहते. ती मोकळीच राहू द्या. रात्रभराच्या सभेला दोन डीव्हीडी किंवा २५ जीबीची एक ब्लू-रे लागेल.

लग्नाचं एचडी शूटिंग मूळ स्वरूपात ठेवायचं असेल तर डीव्हीडीच्या नादी लागू नका, सरळ ब्लू-रे घ्या. ८.५ जीबीची दुहेरी थराची डीव्हीडी शक्यतो टाळलेली बरी. दोन थर आणि मधला सांधा असल्यामुळे राइट होताना ती जास्त वाया जाते. त्यापेक्षा दोन साध्या डीव्हीडी परवडतात.

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा वापरायची डिस्क. चाचणीला, तात्पुरत्या देवाणघेवाणीला उत्तम. जपणुकीसाठी नाही. प्लस आर की मायनस आर (डीव्हीडीचे दोन प्रकार) यावर फार डोकं शिणवू नका. गिऱ्हाइकाकडे जुना टीव्हीजवळचा प्लेअर असेल तर मायनस आर घ्या. किंवा प्लस आर घेऊन सॉफ्टवेअरमधून बुकटाइप (डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार) डीव्हीडी-रॉम असा बदलून राइट करा. ही सोय रायटरमध्ये आहे का ते आधी बघा.

एम-डिस्कवर हजार वर्षांचा दावा असतो. तो दावा कंपनीचा आहे. पण तिचा थर असेंद्रिय असतो हे खरं आणि ऊन-उकाड्यात ती साध्या डीव्हीडीपेक्षा तग धरते हेही खरं. एम-डिस्कची डीव्हीडी राइट करायला तसा रायटर लागतो, त्यावर एम-डिस्कचं चिन्ह असतं.

बाजारात आज काय उरलंय

जपानच्या ताइयो युडेनने २०१५ अखेर डिस्क बनवणं थांबवलं आणि तिचं तंत्र तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेलं. व्हर्बॅटिम हे नाव मित्सुबिशी केमिकलचं होतं, २०१९ च्या व्यवहारात तेही सीएमसीकडेच आलं. आपल्याकडे घरोघरी पोचलेली मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं.

याचा आपल्यापुरता अर्थ असा, की गणपती पेठेतल्या एखाद्या दुकानात मोझर बेअरचं सीलबंद खोकं दिसलं तर तो माल निदान २०१८ च्या आधीचा आहे. कोरी डिस्कही म्हातारी होते. न वापरलेल्या डिस्कचं आयुष्य सावध अंदाजाने पाच ते दहा वर्षं धरतात आणि तेही थंड, कोरड्या जागी. पत्र्याखालच्या गोदामात सात-आठ उन्हाळे काढलेल्या मालावर गाणं उतरवू नका. एकेकाळी तो माल चांगला असेलही, आज तो जुना आहे.

दुकानात, पैसे द्यायच्या आधी

पहिल्या खेपेला ५० चा केक बॉक्स उचलू नका. १० चा घ्या, नाहीतर सुट्या पाच घ्या. पक्कं बिल घ्या, म्हणजे माल खराब निघाल्यावर बोलायला जागा राहते.

खोक्यावर कुठल्या देशात बनवलंय ते वाचा. व्हर्बॅटिमच्या खोक्यावर एझेडओ हा रंगद्रव्याचा उल्लेख आहे का ते बघा. त्याच नावाची, तो उल्लेख नसलेली स्वस्त मालिकाही निघालेली आहे आणि तिच्यात सीएमसीचा साधा माल असतो.

खोकं उघडून बघता आलं तर एक डिस्क कडेने धरून ट्यूबलाइटसमोर आडवी करा. रंग मधल्या भोकापासून कडेपर्यंत सारखा हवा. कडेला फिकट पट्टा, ढगासारखे डाग किंवा थेंबाचा ओघळ दिसला तर माल परत द्या. सीडी उजेडासमोर उभी धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर धातूचा थर सलग नाही. डीव्हीडीच्या कडेवरून नख हलकेच फिरवा. डिंकाचा खडबडीतपणा किंवा फट लागता कामा नये. शेवटी डिस्क सपाट काचेवर ठेवा. ती डुलत असेल तर वाकलेली आहे आणि जास्त वेगाने फिरताना लेझरचा नेम चुकणार.

मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक भागात बारीक आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. त्यांचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

कोड वाचा

घरी आल्यावर पहिलं काम हे. विंडोजवर इमबर्न हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे, लिनक्सवाल्यांना के-थ्री-बी आहे. इमबर्नमध्ये राइट मोड निवडून कोरी डिस्क आत घातली की उजव्या बाजूच्या चौकटीत डिस्क आयडी दिसतो, हाच तो कोड. सीडी असेल तर त्या जागी एटिप म्हणून मिनिट-सेकंदाच्या रूपातला आकडा येतो.

नेहमी भेटणारे कोड असे. एमसीसी ००४ म्हणजे मित्सुबिशीच्या पद्धतीची १६ एक्स (सोळापट वेगाची) प्लस आर आणि एमसीसी ०३आरजी२० ही तिची मायनस आर बहीण. दोन्ही भरवशाच्या. टीवायजी०३ हा ताइयो युडेनचा मायनस आर कोड, खरा असेल तर उत्तम, पण आज मिळाला तर जुना साठाच असणार. सीएमसी मॅग एम०१ आणि सीएमसी मॅग एएम३ या सीएमसीच्या साध्या डिस्क. रोजच्या कामाला चालतात, पण प्रत्येक खेप तपासून घ्यावी लागते. एमबीआयने सुरू होणारे कोड मोझर बेअरचे. ब्लू-रेमध्ये व्हर्बॅट-आयएमई-००० हा कोड सध्या जास्त भेटतो.

कोडला एवढं महत्त्व असण्याचं कारण रायटरमध्ये आहे. रायटरच्या फर्मवेअरमध्ये कोडवार कोष्टक असतं: या डिस्कला लेझरची किती ताकद, किती लांबीचे ठोके द्यायचे. ओळखीचा कोड दिसला की रायटर त्याप्रमाणे काम करतो. ओळख नसेल तर तो सरधोपट पद्धत वापरतो, बऱ्याचदा कमी वेगाने, आणि खुणा ओबडधोबड उमटतात. म्हणूनच एका रायटरवर झकास निघणारी डिस्क दुसऱ्यावर रद्दी निघते.

खोटे कोडही असतात. नावाजलेल्या कारखान्याचा कोड हलक्या डिस्कवर कोरून विकायचा हा धंदा जुना आहे. म्हणून मधल्या भोकाजवळच्या अक्षरांचा तो फोटो. एकाच कोडच्या दोन खोक्यांतली ती अक्षरं पूर्ण वेगळ्या धाटणीची दिसली तर सावध व्हा आणि निर्णय चाचणीवर सोडा.

चाचणी

दहातल्या तीन डिस्क चाचणीसाठी बाजूला काढा: वरची, मधली आणि तळाची. तळाच्या डिस्कवर वरच्यांचा भार असतो, दोष असला तर तिथे आधी दिसतो. तिन्हींवर एकच मजकूर कडेपर्यंत भरून राइट करा. खऱ्या कामात कडा मोकळी सोडायची, चाचणीत मात्र भरायची, कारण दोष तिथेच शोधायचा आहे.

मग निरो डिस्कस्पीडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाचनवेगाची चाचणी लावा. चांगल्या डीव्हीडीचा आलेख डावीकडे साधारण ६-७ एक्सपासून निघतो आणि गुळगुळीत चढत उजवीकडे १६ एक्सच्या आसपास पोचतो. डोंगराची एकसंध कड दिसावी तसा. वाईट डिस्कचा आलेख ३.५ जीबीपर्यंत सरळ जातो आणि तिथून पुढे करवतीच्या दात्यांसारखा खाली-वर उड्या मारतो. फाइल तरीही उघडेल, गाणं तरीही वाजेल. ड्राइव्ह अडखळून, वेग कमी करून, चुका दुरुस्त करत वाचतोय हे आलेखात दिसतं, कानाला कळत नाही. अशी खेप आजच नाकारा. पुढे दोन पावसाळ्यांनंतर दुरुस्तीची ती ताकदही संपते.

चुकांची मोजणी करू शकणारा ड्राइव्ह असेल तर आणखी खोलात जाता येतं. लाइट-ऑनचे बरेच ड्राइव्ह ही मोजणी देतात, लॅपटॉपला जोडायचे पातळ ड्राइव्ह बहुधा देत नाहीत. डीव्हीडीसाठी पीआयई (वाचताना सापडलेल्या चुका) हा आकडा २८० च्या वर जाता कामा नये, ही मानकाची मर्यादा. ताज्या चांगल्या डिस्कवर त्याचे उंच टोक २०-३० च्या आत असतं. पीआयएफ (पहिल्या दुरुस्तीतून सुटलेल्या चुका) ४ च्या आत हवा, १-२ असेल तर छान. सीडीवर सी-टू चुका (त्याही पहिल्या दुरुस्तीतून सुटलेल्या) शून्य हव्यात. एक जरी आली तरी ती डिस्क जपणुकीच्या कामातून बाद.

वेळ असेल तर तीनपैकी एक डिस्क तीन-चार आठवडे पश्चिमेच्या खिडकीत उन्हात ठेवा, दुसरी कपाटात. मग दोन्ही पुन्हा तपासा. एप्रिल-मे मधलं सांगलीचं ऊन या कामाला पुरेसं कडक आहे. उन्हातल्या डिस्कचे आकडे थोडे वाढणारच. ते दसपट झाले तर त्या रंगद्रव्याचा भरवसा धरू नका.

या सगळ्यातून पास झालेल्या कोडचा, त्याच दुकानातला, त्याच खेपेचा मोठा खोका मग निर्धास्त घ्या.

राइट करताना

वेगाबद्दल एक जुना समज अजून घट्ट आहे: जितकं सावकाश तितकं चांगलं. २ एक्सवर राइट केलेली १६ एक्सची डिस्क बऱ्याचदा वाईट निघते, कारण तिचं रंगद्रव्य जलद ठोक्यांसाठी बेतलेलं असतं. १६ एक्सच्या डीव्हीडीला ८ एक्स द्या, आठ-दहा मिनिटांत काम होतं. ५२ एक्सच्या सीडीला १६ ते २४ आणि ६ एक्सच्या ब्लू-रेला ४. पूर्ण वेग टाळा, कडेला डिस्क थरथरते आणि चुका तिथेच वाढतात.

लॅपटॉपचा पातळ रायटर यूएसबीच्या विजेवर चालतो. राइट करताना त्याला साध्या यूएसबी २ पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज लागू शकते. हबवर किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर जोडला की तो मधेच मान टाकतो आणि दोष डिस्कला दिला जातो. मागचा पोर्ट वापरा किंवा दोन तोंडांची केबल लावा. पावसाळ्यात लाइट जायची धास्ती असेल तर यूपीएस नसताना राइटला बसू नका. पॉवर कॅलिब्रेशन एरर (लेझरची ताकद जुळत नसल्याची सूचना) वारंवार येत असेल तर आधी दुसऱ्या कोडची डिस्क घालून बघा. तरीही आली तर रायटरचं लेझर थकलंय.

मराठी नावांच्या फाइलींसाठी फाइल सिस्टिम यूडीएफ निवडा. जोलिएट या जुन्या पद्धतीत नाव ६४ अक्षरांत संपतं आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरं दिसते, संगणक ती अकरा मोजतो. यूडीएफमध्ये अशा १२७ खुणांपर्यंत नाव चालतं. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल असेल तरी यूडीएफच हवं.

सगळा मजकूर एका बैठकीत राइट करा आणि डिस्क फायनलाइज करा, म्हणजे पुढे भर घालता येणार नाही अशी बंद करा. थोडं आज, थोडं उद्या असं करत ठेवलेली डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर उघडत नाही. व्हेरिफायची (राइट झालेलं वाचून पडताळण्याची) खूण कधीही काढू नका. आणि राइट झालेली डिस्क एकदा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा, कारण स्वतःचं हस्ताक्षर रायटरला नेहमीच लागतं.

महत्त्वाच्या कामात डीव्हीडिझास्टर हे सॉफ्टवेअर वापरा. डिस्कच्या प्रतिमेत (अख्ख्या डिस्कच्या एका फाइलीत) ते दुरुस्तीची माहिती मिसळतं. त्यासाठी १५-२० टक्के जागा सोडा. पुढे काही भाग वाचला गेला नाही तरी उरलेल्यातून तो पुन्हा उभा करता येतो.

कोर्टात द्यायच्या डिस्कला आणखी एक पायरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळखखूण, लिहावं लागतं. मूळ फाइलवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपमधून एसएचए-२५६ हे हॅश काढा, राइट झाल्यावर डिस्कवरच्या फाइलचा काढा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती डिस्क देऊ नका.

मिरजेच्या दवाखान्यांतून मिळणाऱ्या सीटी-एमआरआयच्या सीडीची प्रत करताना फक्त चित्रांचं फोल्डर उचलू नका. डायकॉमची (वैद्यकीय चित्रांच्या फाइलींची पद्धत) सूची-फाइल बाहेर राहते आणि पुढच्या डॉक्टरांच्या संगणकावर काहीच उघडत नाही. अख्ख्या डिस्कची प्रतिमा बनवा आणि तीच दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

ठेवायचं कुठे

लेबलचा कागद चिकटवू नका. दमट हवेत तो फुगतो, कोरड्यात आकसतो आणि डिस्क वाकवतो. पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि शक्यतो मधल्या पारदर्शक भागात लिहा.

डिस्क कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, पुस्तकासारखी उभी ठेवा. मऊ प्लास्टिकची पाकिटं उकाड्यात डिस्कला चिकटतात. जपणुकीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवलेली असते. आपल्याकडे हे बाराही महिने कुणालाच जमणारं नाही, महाबळेश्वर-पाटणच्या पावसात तर नाहीच. जमेल ते एवढं: भिंतीला न टेकलेलं कपाट, घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दर पावसाळ्याआधी त्या बदलणं. गच्चीखालची माडी उन्हाळ्यात तापते, तिथे नको.

आणि तळमजल्यावरही नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं हे इथे कुणाला सांगायला नको. दुसरी प्रत पाणी न येणाऱ्या दुसऱ्या गावात ठेवा, विट्याला, जतला, साताऱ्याला, जिथे आपलं माणूस असेल तिथे. पुरात भिजलेली डिस्क लगेच टाकून देऊ नका. गाळ कपड्याने पुसला की त्यातली वाळू चरे पाडते. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली गाळ वाहू द्या, सावलीत उभी करून वाळवा आणि नंतर पुसायचंच झालं तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

एक वही ठेवा: राइट केल्याची तारीख, डिस्कचा कोड, रायटर, वेग आणि चाचणीचे आकडे. दर दोन वर्षांनी प्रत्येक खेपेतली एक डिस्क काढून तीच चाचणी पुन्हा लावा. आलेख अडखळायला लागला की त्या खेपेतल्या सगळ्या डिस्क त्याच आठवड्यात नव्या डिस्कवर उतरवून घ्या. जुन्या लगेच फेकू नका. एका ड्राइव्हला न वाचता आलेला तुकडा दुसरा ड्राइव्ह कमी वेगात वाचून देतो.